गाबोळी

पहिला मासा मला फार लवकर मिळाला, आणि घोटाळा तिथेच झाला.

मे महिन्याचा मधला आठवडा होता. व्हर्जिनियातल्या शेनँडोआ नदीचा दक्षिण फाटा, बेंटनव्हिल गावाजवळ. तिथे नदीवर एक बुटका पूल आहे, पूर आला की पाण्याखाली जाणारा. आमच्या कुडाळच्या बाजूला असले कॉजवे पावलोपावली, त्यामुळे ती जागा पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. पश्चिमेला मॅसानटन डोंगराची लांबच लांब भिंत, काठाला पांढुरक्या सालीचे सिकॅमोर, आणि पाणी इतकं नितळ की गुडघाभर खोलीवरचे गोटे मोजून घ्यावेत. मी बावन्न वर्षांची, छातीपर्यंत येणारी रबरी तुमान चढवलेली, हातात नऊ फुटी रॉड, आणि नदीत उतरायचा जेमतेम तिसरा दिवस.

एका मोठ्या दगडाच्या आडोशाला, संथ पाण्यात, तळाशी एक फिकट गोल दिसला. परातीएवढा. बाकी तळ शेवाळाने काळपट, आणि तेवढीच जागा राखेने घासून ठेवल्यासारखी लख्ख. मला वाटलं, ऊन पडलंय. त्याच्या पलीकडे मी फ्लाय, म्हणजे गळाला बांधलेला खोटा किडा, टाकली. टाकली म्हणजे पडली. दोरी दोनदा ओढली असेल-नसेल तोच रॉड अर्धा वाकला.

स्मॉलमाउथ बास गळाला लागला की आधी खाली बसतो, मग पाण्याबाहेर उडी घेतो, आणि हवेत डोकं असं झाडतो की आपलीच मान दुखावी. सोळा इंचांचा होता. ब्राँझच्या भांड्याला चढतो तसा रंग, अंगावर उभे काळसर पट्टे, आणि डोळे लाल. मी वेड्यासारखी ओरडले. ओल्या हाताने फोन काढला, फोटो घेतला, तो हलला, पुन्हा घेतला. मग वरच्या अंगाला उभ्या असलेल्या आजोबांना हाक मारली, की या, बघा.

आजोबा म्हणजे लीसबर्गचे आमचे शेजारी. पोस्टात नोकरी केलेले, अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बायको गेल्यापासून एकटे. इथे सगळे त्यांना नावाने हाक मारतात. माझ्या जिभेला ते अजून जमत नाही. समोर मी त्यांना ‘सर’ म्हणते, जे त्यांना आवडत नाही, आणि मनात आजोबा म्हणते, जे त्यांना माहीत नाही.

ते आले. माशाच्या तोंडाकडे नाही, लांबीकडे नाही, त्यांनी आधी शेपटीकडे बघितलं. शेपटीची खालची कड झिजून गेली होती. जुन्या केरसुणीसारखी, आणि टोकाला लालसर. “कुठे लागला?” मी बोट दाखवलं. त्यांनी पाण्यात निरखून बघितलं आणि एवढंच म्हणाले, “सोड. लवकर सोड.”

तेव्हा मला दिसलं. त्या फिकट गोलात तळहाताएवढे सहा-सात सनफिश घुसले होते. लाल पोटाचे, दिसायला मोठे गोजिरवाणे. डोकी खाली, शेपट्या वर. ताटात जेवावं तसे जेवत होते.

मी मासा सोडला. थकलेला मासा सोडला की खोल पाणी गाठतो, असं मी ऐकलं होतं. हा खोल पाण्याकडे गेला नाही. एक क्षण कलंडला, सावरला, आणि थेट त्या गोलात घुसला. सनफिश पांगले. एक परत आला, त्याला याने हुसकलं. मग गोलाच्या मधोमध उभा राहून शेपटीने वारा घालू लागला.

पिकअपच्या फळीवर बसून सँडविच खाताना आजोबांनी सांगितलं ते असं. वसंतात पाणी पंधरा-सोळा अंश सेल्सिअसच्या वर चढायला लागलं की नर जागा शोधतो. दगडाचा नाहीतर ओंडक्याचा आडोसा, प्रवाहाचा मार नाही, तळाला खडी. शेपटीने झाडून झाडून गाळ काढतो. मादी येते, हजारोंनी अंडी घालते आणि जाते. पुढचं सगळं नराकडे. अंड्यांवर गाळ बसू नये म्हणून सतत वारा घालायचा. आठवड्याच्या आसपास पिल्लं फुटतात, पण तीही खडीतच पडून राहतात; मग काळ्या धुरासारखा थवा करून वर उठतात, तरी बाप खाली फेऱ्या मारतोच. हे काही आठवडे चालतं, आणि तेवढ्या काळात तो जवळपास काही खात नाही.

“मग माझी फ्लाय कशी खाल्ली?”

“खाल्ली नाही. घराबाहेर काढत होता.”

म्हणजे माझं कसब वगैरे काही नव्हतं. त्या गोलात मी चप्पल फेकली असती तरी त्याने धरली असती. आजोबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, मीही तरुणपणी मे महिन्यात असेच मासे काढत होतो, आणि गावभर मिरवत होतो. व्हर्जिनियात बासला बंद हंगाम नाही. पलीकडे मेरिलँडमध्ये १ मार्च ते १५ जून मासा ठेवून घेता येत नाही, पण पकडून सोडायला तिथेही मोकळीक आहे. आणि सोडेपर्यंतच्या त्या चार मिनिटांत काय होतं ते मी बघितलं होतं. दोन तर फोटोंतच गेली होती.

रात्री आईला फोन केला. तिच्याकडे सकाळ.

“गावलो काय गो मासो?”

“गावलो. पण सोडलंय.”

“सोडलंस? तुका खुळ लागला काय? खाऊक नाय तर धरतंस कित्याक?”

या प्रश्नाला माझ्याकडे आजही धड उत्तर नाही. मी विषय बदलला आणि तिला तो गोल, ती अंडी, ते सनफिश, सगळं सांगितलं. तिला एवढंच ऐकू आलं, की अंडी होती.

आमच्या घरात गाबोळीवरून, म्हणजे माशाच्या पोटातल्या अंड्यांवरून, भांडणं व्हायची. मिरगाचा पाऊस लागला, व्हाळ भरून आले की नदीतले मासे प्रवाहाच्या उलट चढायला लागतात. व्हाळातून शेतात, शेतातून वरच्या कोपऱ्यात, जिथे पाणी असेल तिथे, अंडी घालायला. त्यांना आम्ही चढणीचे मासे म्हणतो. त्या रात्री गावातला एकही पुरुष घरात नसायचा. चुडी पेटवून, काठ्या, कोयते, पाग, मिळेल ते घेऊन सगळे पाण्यात. पहाटे पिशव्या यायच्या, आणि आई एकेक मासा चिरून गाबोळी वेगळी काढायची. हळद, तिखट, तांदळाच्या पिठात घोळवून तव्यावर. दादाला जास्त मिळाली म्हणून मी एकदा दुपारपर्यंत जेवले नव्हते. चढणीचा मासा अंडी घालायच्या आधीच मारला तर पुढच्या वर्षी चढणार कोण, हा हिशेब आमच्यापैकी कुणीच केला नव्हता. आता गावाकडून आलेले लोक सांगतात की पूर्वीसारखे चढत नाहीत. त्याला रस्ते, बंधारे, शेतातली औषधं अशी पाच-पन्नास कारणं असतील. आमचा तवाही त्यात असणारच. तरी उद्या कुणी गाबोळी वाढली तर मी खाईन, हेही लिहून ठेवते.

“म्हणजे बापूस राखता?” आईने विचारलं. “आणि आवस खंय जाता?”

“अंडी घालून निघून जाता.”

आई जरा थांबली. माझे वडील बत्तीस वर्षं मुंबईत गिरणीत आणि नंतर एका गोदामात होते. गणपतीला यायचे, आणि मे महिन्यात पंधरा दिवस.

“म्हणजे आमच्या उलट झाला,” ती म्हणाली, आणि फोनवर बराच वेळ हसत होती.

मला लहानपणी गरी धरायला मिळाली नाही. गांडुळांची करवंटी सांभाळायची, दादाने काढलेला मासा पिशवीत टाकायचा, घरी आल्यावर खवलं काढायची, इतपत परवानगी. चेडवांनी गरी धरूची नसता, असं आजी म्हणायची. कारण विचारलं तर ‘नसता’ हेच कारण. त्यामुळे आजोबांनी त्यांच्या बायकोचा रॉड मला दिला तेव्हा मी नाही म्हणायचं विसरूनच गेले.

मार्च महिना घरामागच्या हिरवळीवर गेला. फ्लायच्या जागी लोकरीचा लाल तुकडा बांधून. साध्या गळाला शिसं असतं. शिशाचं वजन पुढे जातं आणि दोरीला ओढून नेतं. इथे उलटा कारभार. फ्लाय म्हणजे पिसं, केस आणि दोरा आकड्यावर गुंडाळून केलेला खोटा किडा, त्याला वजन जवळजवळ नाहीच. वजन असतं ते दोरीत. जाड, प्लास्टिकच्या वेष्टणाची दोरी आधी आपल्या पाठीमागे फेकायची, ती मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबायचं, तिच्या ओढीने रॉड वाकला की मग पुढे न्यायचं. मी थांबत नव्हते. दोरी मागे उलगडायच्या आतच मी पुढे ओढायची आणि चाबकासारखा फाट्कन आवाज व्हायचा. खरी फ्लाय बांधलेली असती तर त्या आवाजासरशी तुटून मागच्या अंगणात गेली असती.

“मागे वळून बघ,” आजोबा म्हणायचे. बघायला लागले तशी सुधारणा झाली. मला काका आठवले. पाग फेकताना ते कड दातात धरायचे आणि कमरेतून असे वळायचे की जाळं हवेत पूर्ण गोल उघडायचं. हातांनी नव्हे, अख्ख्या अंगाने फेकायचे. हे मी आजोबांना सांगितलं तर ते खूश झाले. म्हणाले, लेफ्टी क्रे आयुष्यभर हेच सांगत होता.

लेफ्टी क्रे हे आजोबांचं दैवत. मेरिलँडमधल्या फ्रेडरिकचा माणूस, १९२५ चा जन्म, २०१८ मध्ये गेला. १९४७ साली जो ब्रूक्स नावाचा मासेमारीवर लिहिणारा गृहस्थ त्याच्याबरोबर हार्पर्स फेरीला आला, जिथे शेनँडोआ पोटोमॅकला मिळते. पंखवाल्या मुंग्या पाण्यात पडत होत्या, बास वर येऊन त्या टिपत होते. ब्रूक्सने फ्लाय टाकून लागोपाठ मासे काढले. क्रेकडे साधा रॉड होता. तो बघत बसला, आणि लगेच जाऊन फ्लायचं सामान घेऊन आला. पुढे अमेरिकेतल्या निम्म्या लोकांना त्याने दोरी फेकायला शिकवलं असेल. घड्याळातल्या दहा आणि दोनच्या काट्यांमध्ये रॉड हलवायची जुनी शिस्त त्याने मोडीत काढली. हात लांब मागे न्या, अंग वळू द्या. त्याच्याविषयीची माझी आवडती गोष्ट मात्र वेगळीच आहे. तो फोर्ट डेट्रिकच्या लष्करी प्रयोगशाळेत कामाला होता, तिथे त्याला अँथ्रॅक्स झाला, तो बचावला, आणि त्या जंतूच्या एका वाणाला त्याच्याच खऱ्या नावाची, बर्नार्ड व्हिक्टर क्रेची, आद्याक्षरं मिळाली: बीव्हीके. आपल्या नावाने माणसं धर्मशाळा बांधतात!

मी त्या दिवशी टाकलेली फ्लायही त्याच गोतावळ्यातली. पेनसिल्व्हेनियात सस्क्वेहॅना नदीकाठी राहणाऱ्या बॉब क्लाउझरने ती १९८०च्या दशकात याच माशासाठी बांधली. तिला क्लाउझर मिनो हे नाव क्रेने दिलं. हरणाच्या शेपटीचे केस, वर पोपटी, खाली पांढरे, आणि डोक्याशी शिशाचे दोन डोळे. डोळ्यांच्या वजनाने ती उलटी होते, आकड्याचं टोक वर राहतं, म्हणून तळाच्या दगडांत फारशी अडकत नाही. फारशी. माझ्या अकरा तिथे आहेत.

आणि हा मासा तरी इथला कुठे? पोटोमॅकच्या खोऱ्यात तो मुळात नव्हता. त्याचं माहेर ओहायो, मिसिसिपीचा वरचा भाग, मोठी सरोवरं, म्हणजे डोंगरापलीकडे. बाल्टिमोर-ओहायो रेल्वे डोंगर ओलांडून गेली, आणि १८५४ मध्ये विल्यम श्रायव्हर नावाच्या माणसाने व्हीलिंगकडचे तीसेक बास इंजिनाच्या पाण्याच्या टाकीतून आणून कंबरलंडला कालव्याच्या कुंडात सोडले. तिथून ते नदीभर झाले. स्थलांतरिताला स्थलांतरित भेटला वगैरे मी मंडळाच्या अंकात लिहू शकले असते, पण खोटं वाटतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मी आपल्या पायांनी व्हिसाच्या रांगेत उभी होते.

विचार करायला लावणारी गोष्ट दुसरीच. आपल्या मरळीचा एक चुलतभाऊ, उत्तरेकडचा स्नेकहेड, २००४ मध्ये पोटोमॅकमध्ये सापडला. तोही पिल्लं राखतो, मरळीसारखाच. त्याला मात्र इथे जिवंत बाळगणं गुन्हा आहे. दीडशे वर्षं आधी रेल्वेने आलेला भूमिपुत्र झाला, आणि मागून आलेला आरोपी. चुकीचं आहे असं नाही. नव्या माशाने जुन्यांचं काय होतं ते लोकांनी पाहिलंय. पण बासच्या वेळी कुणी पाहिलं नव्हतं.

जूनपासून ऑगस्टपर्यंत मला काही म्हणजे काही मिळालं नाही. मे महिन्यात पहिल्या फटक्यात सोळा इंचांचा काढणारी बाई, आणि आता शनिवारमागून शनिवार कोरडे. शेनँडोआचा तळ म्हणजे आडव्या-तिरक्या खडकांच्या पायऱ्या. एका पायरीवर घोट्याएवढं पाणी, पुढच्या पावलाला कंबर. मी दोनदा पडले. एकदा टोपी वाहत गेली, ती पुढच्या वळणावर एका कयाकवाल्याने आणून दिली. सिकॅमोरच्या फांदीला माझी एक फ्लाय अजून लटकते आहे. मासा लागला की दादा गरी खेचायचा तशी मी रॉड वर खेचायची, आणि मासा सुटायचा. रॉड जागेवर ठेवून डाव्या हाताने दोरी ओढायची असते, हे डोक्याला कळलेलं हाताला कळायला सात आठवडे लागले.

या कोरड्या दिवसांत नदी थोडी कळली. जलद आणि संथ पाणी जिथे घासून जातं तिथे फेसाची एक शिवण दिसते. मासा संथ बाजूला उभा राहून जलद बाजूचं वाढणं बघत असतो. खडकाच्या पायरीखाली सावली असेल तर दुपारी तिथे. खेकड्यासारखा नांगीवाला क्रेफिश हे त्याचं मुख्य अन्न, म्हणून गोटे उलटून बघायचे. ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी, सूर्य मॅसानटनमागे गेल्यावर, मी फेसाच्या शिवणीत पॉपर टाकला. पॉपर म्हणजे बुचाच्या डोक्याची तरंगणारी फ्लाय. दोरीला झटका दिला की ‘ग्लप’ असा आवाज करते. एक झटका. थांबले. वर्तुळं विरली. दुसरा झटका द्यायच्या आत पाणी फुटलं, आणि डाव्या हाताने आपणहून दोरी ओढली. आठ इंचांचा. या नद्यांत फूटभर व्हायलाच चारेक वर्षं लागतात, म्हणजे हा पोरच. शेपटी अख्खी होती. फोन काढला नाही.

आईचा प्रश्न, खायचा का नाही, त्याचं एक कोरडं उत्तर आहे. नदीच्या वरच्या अंगाला वेन्सबरोच्या एका कारखान्यातून १९२९ ते १९५० या काळात पारा पाण्यात गेला. तो अजून गाळात आहे, गाळातून किड्यांत, किड्यांतून माशांत. म्हणून इथले मासे खाण्यावर आरोग्य खात्याचा इशारा आहे. २००४ आणि २००५ च्या वसंतात शेनँडोआतले बास अंगावर व्रण उठून मोठ्या संख्येने मेले. आजोबा त्याविषयी फार बोलत नाहीत. त्याच सुमाराला पोटोमॅकच्या दक्षिण शाखेत शास्त्रज्ञांनी नर बास चिरून बघितले, तर त्यांच्या वृषणांत अंड्यांच्या पेशी. नंतर शेनँडोआतही तसेच नर मिळाले. शेतांतून वाहून येणारं खत, कीटकनाशकं, सांडपाणी, त्यातली संप्रेरकांसारखी वागणारी द्रव्यं, अशी कारणांची यादी आहे. नराच्या पोटात गाबोळी. हे मी आईला सांगितलेलं नाही. तिला वाटेल मी तिची थट्टा करते आहे.

यंदाच्या मेमध्ये आजोबांचा गुडघा दुखत होता, मी एकटीच गेले. पुलाखालून दोनशे पावलं, तोच मोठा दगड. गोल होता. गेल्या वर्षीपेक्षा हातभर खालच्या बाजूला, आणि वर एक मासा, सावलीसारखा. तोच की दुसरा, कोण जाणे. मी खालच्या अंगाला एका खडकावर बसले, रॉड आडवा ठेवला, डबा काढला. पोळी आणि मेथीची भाजी. तो वारा घालत होता. एक सनफिश आला, हुसकला. पुन्हा आला, पुन्हा हुसकला. वीस मिनिटांत मी चौदा वेळा मोजलं, मग मोजायचं सोडलं.

वरच्या वळणावरून भाड्याची कॅनू आली. पुढे एक बाप, मध्ये दोन पोरं, वल्ही एकमेकांवर आपटत. नाव आडवी होऊन सरळ दगडाच्या आडोशाकडे येत होती. मोठ्या पोराने वल्हं तळाला टेकवून ढकलायला सुरुवात केलेली. मी उठून उभी राहिले आणि दोन्ही हात हलवले. तिकडून, तिकडून घ्या, पलीकडच्या अंगाने.

बापाने कशीबशी नाव वळवली. माझ्याजवळून जाताना पोराने विचारलं, “तिथे काय आहे?”

“दगड आहे,” मी म्हटलं.